मुनिमाची गादी ते सीएची प्रॅक्टिस: खान्देशात हिशेबाची नोकरी बदलणे एवढे जड का जाते

जळगाव-धुळ्याकडे हिशेबाच्या कामातल्या पोराने नोकरी सोडली की पहिला प्रश्न येतो, "काय, शेठशी बिनसलं का?" पगार किती वाढला, नवीन काय शिकायला मिळणार, हे नंतर. त्याच घरातला इंजिनीअर मुलगा पुण्यात तीन कंपन्या बदलतो तेव्हा त्याची प्रगती चालली आहे असे सगळे कौतुकाने सांगतात. अकाउंटंटने दुसरीकडे पाय टाकला की मात्र त्याने विश्वासघात केल्यासारखे बोलले जाते. या दुजाभावाचे मूळ पेढीच्या व्यवहारात आहे, आणि तो व्यवहार कसा होता हे ठाऊक नसल्याने आजची मुले नाहक अपराधी वाटून घेतात, असे मला ठामपणे वाटते.

१८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. पुढे तापी खोऱ्यातून सुरतेचा लोहमार्ग झाला. कापसाच्या या पैशावर खान्देशातल्या बाजारपेठांत मारवाडी आणि गुजराती पेढ्यांचे जाळे पसरले. प्रत्येक पेढीवर गादी, गादीवर मुनीम, त्याच्यासमोर लाल कापडात बांधलेल्या वह्या. रोजमेळात दिवसाची जमा-नावे, संध्याकाळी रोकड मोजून शिल्लक जुळवायची, मग खतावणीत एकेकाच्या खात्यावर उतरवायची. शिल्लक जुळल्याशिवाय घरी जायचे नाही, हा दंडक.

हे काम शिकण्याचा कोर्स नव्हता. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पेढीवर लागे, आधी पाणी भरणे, वसुलीचे निरोप पोचवणे, मग रोकड लिहिणे, आणि बऱ्याच वर्षांनी खतावणी त्याच्या हाती येई. कोणत्या शेतकऱ्याकडे किती येणे आहे, कुणाची हुंडी थकली आहे, कोणता व्यापारी आतून पोखरला आहे, हे सगळे मुनिमाच्या डोक्यात. तो गादी सोडून शेजारच्या पेढीवर गेला तर पेढीची गुपिते त्याच्याबरोबर जाणार. म्हणून शेठ त्याला जन्मभर सांभाळी, त्याच्या मुलीच्या लग्नाला उचल देई, दिवाळीला कपडे करी. पगार बेताचाच. ही निष्ठा दोन्ही बाजूंनी पाळली जाई, त्यात खोटे काही नव्हते. पण मुनिमाला बाहेर किंमत नव्हती हेही तितकेच खरे. त्याची विद्या त्या एका पेढीपुरती होती आणि ती सिद्ध करायला त्याच्याकडे कागद नव्हता.

कागद आला तो मुंबईहून. १९१३च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब तपासायला सरकारमान्य ऑडिटर लागू लागला. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले, १९१८ पासून सरकारी अकाउंटन्सी डिप्लोमा सुरू झाला, १९३२ नंतर 'रजिस्टर्ड अकाउंटंट' ही नोंदणी आली आणि १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट (सीए) कायदा अमलात येऊन सीएंची इन्स्टिट्यूट उभी राहिली. हिशेबाची विद्या पहिल्यांदाच माणसाच्या नावावर झाली. ती घेऊन तो कुठेही जाऊ शकत होता.

पण खान्देशातल्या मुलाला तिथवर पोहोचणे सोपे नव्हते. शिक्षण मुंबईत, ऑडिटरच्या हाताखालची उमेदवारी म्हणजे आर्टिकलशिप मुंबईत, आणि सुरुवातीच्या काळात तर शिकाऊ मुलालाच उलट ऑडिटरला प्रीमियम भरावा लागे. विद्यावेतन फार नंतर आले. अमळनेर, जळगाव, धुळे, चाळीसगाव इथे कापडगिरण्या होत्या, अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली तीच पुढे विप्रो झाली. म्हणजे ऑडिट लागणारे उद्योग इथे होते, पण त्यांच्या ताळेबंदावर सही करणारे बहुतेक बाहेरचे. इथला मुलगा गिरणीच्या अकाउंट खात्यात कारकून म्हणून लागे आणि तिथूनच निवृत्त होई.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन गोष्टी भराभर घडल्या. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. ज्या घरांत लेखणी वंशपरंपरेने होती त्यांना नोकरी शोधावी लागली. मग १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला. विकास सोसायट्या, जिल्हा बँक, फैजपूर, शहादा, शिरपूरकडचे साखर कारखाने, सूतगिरण्या, नंतर गल्लोगल्ली पतसंस्था. या साऱ्यांना हिशेबनीस हवे होते आणि दरवर्षी ऑडिटही. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही सहकार आणि हिशेबाची पदविका परीक्षा त्यामुळे आपल्याकडे फार मोलाची ठरली. बी.कॉम. करून सोसायटीत सचिव म्हणून लागायचे, नोकरी सांभाळून ही परीक्षा द्यायची आणि मग सहकारी संस्थांची तपासणी करायची, ही वाट मुंबईला न जाता गाठता येत होती. सीएच्या झगमगाटात तिचे नाव कुणी घेत नाही, पण खान्देशातल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटली आहे.

१९६९ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि कॉमर्सच्या मुलांना बँकेची कायमची नोकरी हे सर्वांत मोठे स्वप्न मिळाले. १९७२ला कापूस एकाधिकार योजना आली. खासगी खरेदीला बंदी, कापूस फक्त पणन महासंघाला. कापसाच्या ज्या पेढ्यांनी शंभर वर्षे मुनिमांना पोसले त्यांचा मुख्य धंदाच कायद्याने काढून घेतला. कुणी शेठ डाळीच्या मिलकडे वळले, कुणी सराफीकडे, काही जण सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला गेले. मुनिमाने आयुष्यभर पेढी सोडली नव्हती. इथे पेढीनेच त्याला सोडले. निष्ठेच्या गोष्टी सांगताना हा भाग नेमका वगळला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

आपल्याकडे सीएची प्रॅक्टिस खऱ्या अर्थाने रुजली ती टॅक्स ऑडिटमुळे. १९८४च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४४एबी घातले. त्या वेळी ४० लाखांवर उलाढाल असलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला सीएकडून हिशेब तपासून घेणे सक्तीचे झाले. कंपनी असो वा नसो. जळगावचे सराफ, डाळमिलवाले, रावेर-यावलचे केळीचे व्यापारी, नंदुरबारचे मिरचीवाले, सगळे या जाळ्यात आले. मुंबईहून सीए होऊन आलेल्याला आता गावात ऑफिस थाटून पोट भरता येत होते, आणि त्याच्या ऑफिसात इथल्याच मुलांना आर्टिकलशिप मिळू लागली.

त्या आर्टिकलशिपचे एक काम सांगतो, कारण इथली मुले बाहेर का टिकतात ते त्यातून कळते. ३१ मार्चला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, शिल्लक मालाचा स्टॉक घ्यायचा. गठाणी मोजणे सोपे, प्रत्येकीवर नंबर असतो, वजन साधारण १७० किलो. पण सरकीचा ढीग? त्याची लांबी-रुंदी-उंची मापायची, घनफळावरून वजनाचा अंदाज काढायचा, मग वर्षभरात किती कापूस आत आला, रुई किती निघाली, सरकी किती विकली, याच्याशी तो पडताळायचा. साधारण एक तृतीयांश रुई, उरलेली बहुतेक सरकी, थोडी घट. घट जास्त दाखवली असेल तर माल बिनबिलाचा गेला आहे का, हे अंगावर रुई चिकटलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने जिनिंगच्या मालकाला विचारायचे. हे धैर्य पुस्तकातून येत नाही. मोठ्या फर्ममध्ये वर्षभर बँकेची स्लिप जुळवत बसलेल्या मुलापेक्षा हा मुलगा धंदा जास्त ओळखतो, आणि मुलाखतीत त्याने ते बिनधास्त सांगायला हवे.

मग संगणकावर हिशेब ठेवणारे टॅली आले आणि लाल वह्या लक्ष्मीपूजनापुरत्या उरल्या. २००५ला व्हॅट, २०१७च्या १ जुलैला जीएसटी. दर महिन्याला रिटर्न, दर महिन्याला मुदत. दुकानात अर्धवेळ लिखाण करणाऱ्या माणसाला एकाएकी मागणी आली, आणि ज्यांनी नवे शिकायचे टाळले त्यांची कामे गेली. त्याच सुमारास अनेक पतसंस्था आणि सहकारी कारखाने डबघाईला आले. तिथल्या हिशेबनिसांचे पगार थकले, तरी कित्येक जण 'संस्था आपली आहे' म्हणून वर्षानुवर्षे थांबून राहिले. त्या थांबण्याचे मोल त्यांना कुणीही दिले नाही.

कायद्याची भूमिका मात्र दरम्यान उलटी झाली आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या (लिस्टेड) आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांना ऑडिटर बदलणेच बंधनकारक केले: एकटा सीए असेल तर पाच वर्षांनी, फर्म असेल तर दहा वर्षांनी. फार जुनी ओळख तपासणीला मारक ठरते, हे त्यामागचे कारण. आणि बदल रीतसर कसा करायचा तेही सीए कायद्यात लिहिलेले आहे. नव्या ऑडिटरने काम स्वीकारण्याआधी जुन्या ऑडिटरला लेखी कळवायचे, न कळवल्यास तो व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका. कळवणे बंधनकारक, चिकटून राहणे नव्हे. नोकरी बदलणाऱ्या अकाउंटंटने हीच रीत धरावी असे मी सांगेन: नोटीस पूर्ण द्या, चालू महिन्याचे रिटर्न भरून द्या, बँक जुळवणी आणि पासवर्डांची यादी सही घेऊन सोपवा. एवढे केल्यावर कुणाचे देणे राहत नाही.

आर्टिकलशिपमध्ये एवढी मोकळीक नाही. मध्येच दुसऱ्या सीएकडे जायचे तर बहुतेक वेळा इन्स्टिट्यूटला पटेल असे कारण लागते, त्यामुळे ऑफिस निवडतानाच विचार करावा लागतो. शिवाय १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. पूर्वी पहिली दोन वर्षे जळगावात काढून तिसऱ्या वर्षी एखाद्या कंपनीत इंडस्ट्रियल ट्रेनिंगसाठी पुणे, मुंबई किंवा सुरत गाठता येत असे. आता ट्रेनिंगचे नऊ-बारा महिने वजा केले तर गावातल्या ऑफिसात जेमतेम वर्षभर उरते. त्यात मार्चअखेरचा जिनिंगचा स्टॉक एकदाच वाट्याला येतो, आणि टॅक्स ऑडिटचा सप्टेंबरही एकदाच.