सीडर लाकडाचं कुंपण सडतच नाही म्हणे!

"सीडर आहे ना, मग बघायलाच नको" हे लोक इतकी वर्षं एकमेकांना सांगतायत की खांब थेट मातीत गाडून मोकळे होतात. हे अर्धंच खरं आहे. रेड सीडरमध्ये थुजाप्लिसिनसारखी नैसर्गिक रसायनं असतात आणि ती बुरशीला रोखतात, पण ती असतात गाभ्याच्या लालसर तपकिरी लाकडात, सालीलगतचा पांढुरका भाग मात्र इतर कुठल्याही मऊ लाकडासारखाच सडतो, त्यामुळे फळी घेताना कडा नीट बघाच.

बरं, गाभ्याचं लाकूडही कायमचं नाही. जमिनीच्या अगदी लगत आधी जातं, कारण तिथे ओल पण असते आणि हवा पण. वरून खांब ठणठणीत, स्क्रू ड्रायव्हर टोचला की भसकन आत! म्हणून माझं मत, खांब ट्रीटेड (सडू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) लाकडाचे नाहीतर गॅल्वनाइज्ड पाइपचे घ्या, खड्ड्याच्या तळाला खडी टाका, काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. फळ्या मातीपासून २ इंच तरी वर.

साधे लोखंडी खिळे नकोच, लाकडातल्या टॅनिन या नैसर्गिक रसायनाशी रिअ‍ॅक्शन होऊन काळे ओघळ येतात. स्टेनलेस वापरा.

आणि राखाडी पडलं म्हणजे सडलं असंही नाही हं, उन्हाने फक्त वरचा पातळ थर बदलतो. तो रंग नको असेल तर आत मुरणारा, पिगमेंटवाला (रंगाचे कण असलेला) स्टेन, म्हणजे लाकडाचा पातळ रंग, मारा. जाड पेंटचे पोपडे निघतात, मग बसा घासत.