उभ्या पऱ्हाटीत वखर

उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कापसात, कोणी वखर घालत नाही. वखर फिरतो पेरणीआधी, त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, रुंद. पीक उगवल्यावर पिकाच्या दोन ओळींच्या मधून जातो तो डवरा, त्याची पास लहान. यवतमाळकडच्या सालदाराला हे सांगावं लागत नाही. पण ज्याने वावरच पाहिलं नाही अशा माणसापुढे ही दोन अवजारं झाकून ठेवली आणि दोन्हींवर एकच चिठ्ठी लावली, ‘तण काढून माती मोकळी करते’, तर तो कोणतं उचलेल?

भाच्याच्या लॅपटॉपवर हेच झालं. तो गावातूनच काम करतो, कापसाच्या काट्याच्या पावत्यांचा प्रोग्राम लिहितो. कोड गिटमध्ये ठेवलेला. गिट म्हणजे कोडची फेरफार वही: कोणती ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी २००५ मध्ये ते तयार केलं. भाच्याने एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पायरीपायरीने करणाऱ्या एआय प्रोग्रामला, सांगितलं, ‘पावतीच्या फाइलमधले बदल मागे घे.’ एजंटने सगळ्याच फाइलींमधले, वहीत न चढलेले बदल पुसून टाकले. दोन दिवसांचं काम गेलं.

‘मामा, हा एआय येडाच आहे,’ भाचा म्हणाला. मी एजंटला दिलेल्या टूलांची, म्हणजे त्याला चालवता येणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, यादी पाहिली. एक टूल एकाच फाइलपुरतं होतं, दुसरं अख्ख्या रेपॉझिटरीचं, म्हणजे वहीतल्या सगळ्या फाइलींचं. दोन्हींचं वर्णन भाच्यानेच लिहिलेलं: ‘बदल मागे घेते.’

आता माझ्या आवडीची गोष्ट. लोकांना वाटतं, एजंट टूल ‘वापरतो’, म्हणजे त्याच्या हाती काही तरी असतं. तसं नाही. एजंटच्या आत असतं भाषेचं मॉडेल, आणि त्याला येतं ते एकच काम: समोरचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता किती, याचं गणित करणं आणि त्यातून एक तुकडा निवडणं. या तुकड्याला टोकन म्हणतात. प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची याचा साचा, हे सगळं संभाषणासोबत साधा मजकूर म्हणूनच मॉडेलपुढे जातं. टूलच्या आतला कोड जात नाही. मॉडेल ‘हे टूल, ही फाइल’ अशी ठरावीक साच्यातली ओळ लिहितं. भोवतीचा प्रोग्राम ती वाचून टूल चालवतो आणि निकाल पुन्हा मजकूर करून मॉडेलपुढे ठेवतो.

म्हणजे मॉडेलच्या लेखी वर्णन हेच टूल. भाच्याच्या सूचनेत ‘पावतीच्या फाइलमधले’ हे शब्द होते, पण त्यांना जोडून घ्यायला दोन्ही वर्णनांत ‘फाइल’ हा शब्दच नव्हता. उरला साचा. एका फाइलच्या टूलला फाइलचा पत्ता लागतो, पण त्या रकान्याचं नाव भाच्याने नुसतं ‘पी’ ठेवलं होतं आणि तो भरणं सक्तीचं केलं नव्हतं. दुसऱ्या टूलला रकानाच नाही. दोन टोकनांच्या शक्यता जवळजवळ सारख्या असल्या की निवड कुठेही झुकते, आणि तीच सूचना दुसऱ्यांदा दिली तर वेगळीही येते. इथे बुद्धीचा प्रश्नच नव्हता, चिठ्ठीचा होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘ही एक ओळ टाका, एआय कधी चुकणार नाही’ छापाच्या मंत्रांची मला म्हणूनच चीड येते. ‘तू जगातला सर्वोत्तम प्रोग्रामर आहेस’ असं लिहिल्याने कोणतं टूल काय पुसतं हे कळत नाही. ताईत बांधून बोंडअळी जात नाही, तसंच हे.

जाणती मंडळी टूलच बदलतात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एसडब्ल्यूई-एजंट हा कोड दुरुस्त करणारा एजंट मांडला. त्यात फाइल एका वेळी शंभरेक ओळींचीच दिसते आणि कोडचं व्याकरण बिघडवणारा बदल टूल स्वीकारतच नाही. अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या अभियंत्यांनी त्याच वर्षी लिहिलं की एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलचा अर्धा पत्ता देताना चुकायचा. पूर्ण पत्ता सक्तीचा केल्यावर ते थांबलं. ‘डाव्या हाताचं घर’ सांगितलं तर माणूस कुठे उभा आहे यावर घर बदलतं, त्यातलाच प्रकार. चूक कळवणाऱ्या निरोपाचंही तसंच. नुसतं ‘चूक झाली’ म्हणण्यापेक्षा ‘हा मजकूर तीन ठिकाणी सापडला, आजूबाजूच्या दोन ओळीही द्या’ असा निरोप आला, तर एजंटला पुढची पायरी दिसते.

भाच्याने चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. पहिली: ‘फक्त एका फाइलमधले, नोंद न झालेले बदल टाकून देते. फाइलचा पूर्ण पत्ता आवश्यक.’ दुसरी: ‘नोंद असलेल्या सर्व फाइलींमधले, नोंद न झालेले बदल कायमचे पुसते. एका फाइलसाठी वापरू नये, त्यासाठी पहिलं टूल आहे.’ आबाजी बाजूला सुपारी कातरत बसले होते. त्यांना वखर-डवऱ्याच्या भाषेत समजावून सांगितलं.

‘सारं बराबर हाये,’ ते म्हणाले, ‘पन वाफसा नसन तं?’

वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, नसेल तर बरोबर अवजारही घालायचं नसतं. भाचा क्षणभर थांबला. मग दुसऱ्या चिठ्ठीत एक ओळ वाढली: ‘चालवण्याआधी, काय काय पुसलं जाईल त्या फाइलींची यादी दाखवून माणसाचा होकार घ्यावा.’ आणि टूलच्या कोडमध्येही तशी अट घातली, कारण चिठ्ठी वाचूनही गडी चुकू शकतो.