उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करू नका

मार्च उजाडला की एक सल्ला दरवर्षी मोबाइलवर फिरू लागतो : ‘ऊन वाढतंय, टायरमधली हवा तापून फुगते, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा.’ पंपावर हवा भरणारेही हेच सांगतात. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाल्याची बातमी आली की या सल्ल्याला आणखी जोर चढतो. तो पटतो, कारण त्यातला अर्धा भाग शाळेच्या पुस्तकातला आहे. उरलेला अर्धा चुकीचा आहे आणि त्याने जीव जाऊ शकतो.

आधी पुस्तकातला भाग. आकारमान कायम असेल तर वायूचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) प्रमाणात वाढतो. सकाळी ३० अंशांना आपण ३२ पीएसआय (पंपावरच्या भाषेत ३२ पॉइंट) हवा भरली. मापक वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, त्यामुळे खरा दाब ३२ अधिक १४.७, म्हणजे ४६.७. दुपारी पारा ४५ वर गेला तर ४६.७ ला ३१८ भागिले ३०३ ने गुणायचं. येतात ४९. मापकावर ३४.३. विदर्भातल्या दुपारनं वाढवला जेमतेम सव्वादोन पीएसआय! हायवेवर पळून आतली हवा ७० अंशांवर गेली तरी आकडा ३८ च्या आसपास थांबतो. धडधाकट टायर याच्या कित्येक पट दाब सोसतो. कंपनी हवेचा जो आकडा सांगते तो थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात आधीच धरलेली असते.

मग टायर फुटतो कशानं? मला टायरमधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती इथे सुरू होते.

टायर रस्त्याला टेकतो तिथे तो चपटा होतो. चाक फिरतं तसा टायरचा प्रत्येक भाग खाली येऊन वाकतो आणि वर जाताना पुन्हा गोल होतो. ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी १२० किलोमीटरला सेकंदाला सतरा-अठरा फेऱ्या घेतं. तासाभरात टायरचा प्रत्येक भाग ६० हजारांहून अधिक वेळा वाकतो. रबर वाकवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी सगळी ते परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. याला हिस्टेरिसिस म्हणतात. साधा हिशेब करा : १,२०० किलोच्या गाडीचं वजन सुमारे १२,००० न्यूटन. रस्त्यावर गडगडताना होणारा विरोध त्याच्या साधारण एक टक्का, म्हणजे १२० न्यूटन. त्याला सेकंदाला ३३ मीटर या वेगानं गुणलं की सुमारे ४,००० वॉट येतात, आणि त्यातला बहुतेक भाग टायरच्या वाकण्यात जातो. प्रत्येक टायरमध्ये हजार वॉटची एक इस्त्री सतत चालू!

ही ऊर्जा नेमकी कुठे जाते? रबर म्हणजे लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली. गंधक या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधतो, म्हणून रबर ताणलं तरी मूळ आकारात परत येतं. पण परत येताना साखळ्या एकमेकींवर घासतात. शिवाय मजबुतीसाठी घातलेल्या काजळीच्या कणांचं आपसातलं जाळं दर वेळी थोडं तुटतं आणि पुन्हा जुळतं. त्यामुळे विकृती (आकारातला बदल) प्रतिबलाच्या (तो बदल घडवणाऱ्या ताणाच्या) मागे रेंगाळते. दोघांमधल्या या कलांतराची (मागे पडण्याच्या कोनाची) टँजंट, म्हणजे ‘टॅन डेल्टा’, हा टायर बनवणाऱ्यांचा जिव्हाळ्याचा आकडा : तो जितका मोठा, तितकी ऊर्जा वाया. तो शून्यावर आणावा, असं वाटेल. पण ओल्या रस्त्यावरची पकड याच ऊर्जाहानीतून मिळते! रस्त्याच्या बारीक खरखरीवरून घसरताना रबर सेकंदाला हजारो ते लाखो वेळा दबतं. म्हणजे सेकंदाला अठरा वेळा वाकताना रबरानं कमी ऊर्जा खावी आणि लाखभर वेळा दबताना जास्त खावी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिन या टायर कंपनीनं काजळीची बरीचशी जागा सिलिकाला दिली, ती ही तारेवरची कसरत साधण्यासाठी.

आता यातली हवा कमी करा. टायर जास्त चपटा होतो, बाजूची भिंत जास्त वाकते, उष्णता वाढते. रबर उष्णतेचं मंदवाहक असल्यामुळे ती आतच कोंडते. सर्वांत वाईट अवस्था असते टायरच्या वरच्या थराखाली घातलेल्या पोलादी तारांच्या पट्ट्यांच्या कडांची. तिथे तारा संपतात, रबर आणि पोलाद वेगवेगळ्या प्रमाणात ताणले जातात आणि दोघांची पकड हळूहळू सुटू लागते. त्यात वेगाची भर. टायरच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या लाटेचा वेग ताणावर अवलंबून असतो आणि ताण देते हवा. हवा पुरेशी कमी असेल आणि गाडी पुरेशा वेगात असेल तर रस्त्यावरून सुटलेला भाग पूर्ववत होण्याआधीच पुढची फेरी येते. टायरवर स्थिर तरंग, म्हणजे जागच्या जागी दिसणाऱ्या लाटा, उभे राहतात आणि तापमान झपाट्यानं चढतं. अशा टायरच्या चिंध्या व्हायला फार वेळ लागत नाही.

म्हणून चालत्या गाडीत दाब वाढतो, त्याला मी शत्रू मानत नाही. टायर तापला की दाब वाढतो, दाब वाढला की वाकणं कमी होतं, आणि उष्णता तयार होण्याला लगाम बसतो. टायर स्वतःच स्वतःला सावरत असतो. ढाब्यावर थांबून, गरम टायरमध्ये ३७ दिसले म्हणून कुणी हवा सोडून ३२ करतो, तेव्हा तो हा आधारच काढून घेतो. तोच टायर रात्री थंड झाला की आत साडेसत्तावीस उरतात.

ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि टेक्सस, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत हे जास्त घडत होतं. टायरच्या रचनेतही दोष निघाला. पण वादाचा एक मोठा मुद्दा हवेचाच होता : फोर्डची शिफारस २६ पीएसआयची होती, फायरस्टोनची ३० ची. त्याच वर्षीच्या कायद्यातून पुढे तिथल्या नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. तो दिवा तुमच्या गाडीत असला तरी त्यावर विसंबू नका. अमेरिकी नियमात तो २५ टक्के हवा गेल्यावर लागला तरी चालतो, म्हणजे ३२ च्या जागी २४ उरल्यावर.

सिमेंटच्या रस्त्यालाही उगीच दोष दिला जातो. खरखरीत सिमेंटवर टायर अधिक झिजू शकतो हे खरं, पण उन्हात फिकट सिमेंट काळ्या डांबराइतकं तापत नाही. समृद्धीवर फरक पडतो तो सलग ताशी १२० नं पळण्याचा. गावात वर्षभर २६ पीएसआयवर निभावलेला टायर तिथे, मागे सामान आणि आत पाच माणसं असताना, तासाभरात उघडा पडतो.

नायट्रोजनचा गवगवाही पारखून घ्या. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकानं वर्षभर ठेवून पाहिलेल्या टायरमधून साधी हवा सरासरी ३.५ पीएसआय घटली, नायट्रोजन २.२. विमानात नायट्रोजन लागतो तो आगीच्या भीतीनं. १९८६ मध्ये मेक्सिकाना कंपनीच्या विमानात साध्या हवेनं भरलेला टायर ब्रेकच्या उष्णतेनं फुटला आणि १६७ जण गेले. आपल्या मोटारीला हा धोका नाही. पैसे द्यायचेच असतील तर हवेचा चांगला मापक घ्या.

नवी गाडी शोरूममधून काढताना आपण चाकाखाली लिंबं चिरडतो आणि बोनेटला हार घालतो. त्याच वेळी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं हवेचं स्टिकर मात्र कुणी वाचत नाही. लिंबानं टायरचं काही राखलं जात नाही, त्या स्टिकरवरच्या आकड्यानं राखलं जातं. त्यावर भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा, मोठा आकडा असतो. टायरच्या भिंतीवर कोरलेला कमाल दाब ही वेगळी गोष्ट, तो भरायचा नसतो. हवा महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, सकाळी गाडी काढण्यापूर्वी तपासा. स्टेपनीचीही तपासा. भिंतीवर चार आकडे सापडतील, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी खोल दिसली तरी रबर वयानं कडक होतं, भेगाळतं. जुनी गाडी घेताना किलोमीटर पाहता, तसे हे चार आकडेही पाहा.