जखमेच्या ड्रेसिंगचं बिल आणि १९६५ सालचा एक शब्द

अमेरिकेतल्या मेडिकेअरकडे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडे, ड्रेसिंगचे क्लेम पाठवणाऱ्या नव्या माणसाला एक गोष्ट लवकर उमगत नाही. रुग्णाला जखम आहे, डॉक्टरांची ऑर्डर आहे, कोडही बरोबर आहे, तरी क्लेम परत येतो. चूक बहुतेक वेळा कोडमध्ये नसते, ती कायद्यातल्या ‘सर्जिकल’ या शब्दाशी अडलेली असते.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. त्यातल्या १८६१(एस)(५) या कलमात ‘सर्जिकल ड्रेसिंग्ज’ आले, तेही मोडलेलं हाड बसवण्यासाठीच्या स्प्लिंट आणि प्लास्टरच्या ओळीत. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं हे त्या शेजारावरूनच कळतं: सर्जनने टाके घातले, वर गॉज ठेवला, चिकटपट्टी लावली. वर्षानुवर्षं न भरणारा पायावरचा व्रण किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा बेडसोर त्या चित्रात नव्हता.

खरं तर विज्ञान तेव्हाच पुढे निघालं होतं. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं होतं, की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा कोरड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने चढते. त्यानंतरच्या दोन दशकांत पारदर्शक फिल्म, हायड्रोकोलॉइड (स्रावाने जेलसारखं होणारं चिकट पॅड), अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचं शोषक ड्रेसिंग), फोम अशी ड्रेसिंग्ज बाजारात आली. ती महाग होती, पण रोज बदलावी लागत नव्हती. कायद्यातला शब्द मात्र गॉजच्या काळातलाच राहिला.

कोडिंगची घडी त्याहून उशिरा बसली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सीपीटी कोड १९६६ पासून होते, पण ते डॉक्टरांच्या कामाचे, साहित्याचे नव्हेत. साहित्यासाठी पुढे एचसीपीसीएस या मेडिकेअरच्या कोडपद्धतीची दुसरी पातळी आली, म्हणजे एक अक्षर आणि चार अंक. ड्रेसिंगचे बहुतेक कोड ‘ए६’ने सुरू होतात ते तिथूनच.

आजची व्यवस्था खरी घडली ती १९९३ ते १९९५ या तीन वर्षांत. १९९३च्या अर्थसंकल्पीय कायद्याने ड्रेसिंगसाठी ठरीव दरांची यादी लागू केली. त्याच वर्षी असे क्लेम मेडिकेअरसाठी क्लेम तपासणाऱ्या चार प्रादेशिक कंत्राटदारांकडे एकवटले. १९९४ मध्ये पात्रता रुंदावली: जखम शस्त्रक्रियेने झालेली असो, शस्त्रक्रियेने उपचार केलेली असो किंवा तिचं डिब्रिडमेंट, म्हणजे मृत भाग काढणं, झालेलं असो, ती पात्र ठरू लागली. ‘सर्जिकल’ शब्द न बदलता त्याचा अर्थ ताणून जुनाट व्रणांना आत घेतलं गेलं. हा निर्णय योग्यच होता; त्याशिवाय घरी पडून असलेल्या हजारो रुग्णांना गॉजवरच भागवावं लागलं असतं.

दार उघडलं तसे नको तेही आत शिरले. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी १९९५ मध्ये जून १९९४ ते फेब्रुवारी १९९५ या नऊ महिन्यांतली मंजुरी तपासली. ९ कोटी ८० लाख डॉलरपैकी दोन तृतीयांशापर्यंत रक्कम शंकास्पद असू शकते, असं त्यांनी नोंदवलं. गरजेपेक्षा कितीतरी जास्त माल पाठवला जात होता. आज बिलरला जाचक वाटणाऱ्या नगावरच्या मर्यादा वाचताना हा काळ ध्यानात ठेवावा.

या मर्यादा ड्रेसिंगच्या स्वभावावरून ठरलेल्या आहेत. फोम आणि हायड्रोकोलॉइड आठवड्यातून तीनदा, म्हणजे एका जखमेला ३० दिवसांत साधारण १३ नग. अल्जिनेट दिवसातून एकदा. बॉर्डर (चिकट कडा) नसलेला साधा गॉज दिवसातून तीनदा. हायड्रोजेल या पाणीदार जेलचा फिलर, म्हणजे जखमेच्या पोकळीत भरायचा माल, एका जखमेला ३० दिवसांत तीन फ्लुइड औंसांपर्यंत. अल्जिनेट आणि फोम खोल, बराच स्राव असलेल्या जखमेसाठी. हायड्रोजेल स्राव जवळपास नसलेल्या जखमेसाठी. म्हणून एकाच जखमेवर एकाच वेळी हायड्रोजेल आणि अल्जिनेटचं बिल लावलं, की एकाने ओलावा द्यायचा आणि दुसऱ्याने तो शोषायचा असा विसंगत प्रकार कागदावर दिसतो आणि क्लेम अडतो.

आकाराचे गट १६ आणि ४८ चौरस इंचांवर तुटतात. सोळा म्हणजे चार बाय चारचा ओळखीचा गॉज, अठ्ठेचाळीस म्हणजे सहा बाय आठ. बॉर्डर नसलेल्या फोमला ए६२०९ (१६ पर्यंत), ए६२१० (१६ ते ४८) आणि ए६२११ (त्याहून मोठा). बॉर्डरवाल्याला ए६२१२ ते ए६२१४, आणि इथे मोजायचं फक्त मधलं पॅड, चिकट कडा नाही. पाकिटावर छापलेला बाहेरचा आकार धरला, तर एक गट वरचा कोड लागतो. ही चूक फार होते. दहा बाय दहा सेंटिमीटरचं पॅड १५.५ चौरस इंच भरतं, म्हणजे काठावर का होईना, पहिल्याच गटात. फिलरची एककंही वेगवेगळी आहेत: अल्जिनेटची दोरी सहा इंचांना एक युनिट, जेल एका फ्लुइड औंसाला, फोम फिलर एका ग्रॅमला. जेलची ट्यूब म्हणजे एक युनिट असं समजणाऱ्याचा आकडा चुकलाच.

ए१ ते ए९ हे मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायच्या दोन अक्षरी खुणा, जखमांची संख्या सांगतात, पण रुग्णाच्या एकूण जखमा नव्हे. चार जखमांपैकी दोनांवरच फोम वापरला, तर फोमला ए२. नऊ किंवा जास्त असल्या तर ए९. डिब्रिडमेंट न झालेला पहिल्या टप्प्याचा बेडसोर, पहिल्या अंशाची भाजलेली जागा, साधं खरचटणं हे पात्रच नाहीत, तिथे जीवाय हा मॉडिफायर. हा नकार ‘गरज नव्हती’ असा नसतो, ‘कायद्याच्या व्याख्येत बसत नाही’ असा असतो, आणि त्यासाठी रुग्णाची आगाऊ सही बंधनकारक नसते. नग मर्यादेपलीकडे गेले तर प्रश्न वैद्यकीय गरजेचा होतो. मग मेडिकेअर कदाचित पैसे देणार नाही अशा आगाऊ सूचनेचा, रुग्णाने सही केलेला कागद आणि जीए हा मॉडिफायर लागतो. बिल परत आलं की या दोहोंतला कोणता नकार आहे हे आधी पाहावं.

कागदपत्रांत दर महिन्याचं मूल्यमापन हवं: जखमेचा प्रकार, जागा, लांबी-रुंदी, खोली, स्रावाचं प्रमाण. नर्सिंग होममध्ये (अमेरिकेत हे दीर्घकाळ देखभालीचं केंद्र) किंवा खूप स्राव वा संसर्ग असेल तर ते दर आठवड्याला अपेक्षित असतं. नुसतं ‘जखम सुधारत आहे’ लिहिलेली नोंद तपासणीत टिकत नाही. डिब्रिडमेंट कधी आणि कोणी केलं हेही नोंदीत सापडलं पाहिजे. पात्रतेचा सगळा भार त्याच ओळीवर असतो.

आणखी एक अडथळा १९९७च्या बॅलन्स्ड बजेट कायद्यातून आला. जुलै १९९८ पासून कुशल नर्सिंग केंद्रांना आणि १ ऑक्टोबर २००० पासून घरपोच सेवा, म्हणजे घरी येऊन शुश्रूषा, देणाऱ्या संस्थांना एकत्रित दराने पैसे मिळू लागले. घरपोच सेवेच्या त्या दरात ड्रेसिंगही धरलेलं असतं. रुग्ण अशा सेवेखाली असताना पुरवठादाराने वेगळा क्लेम पाठवला तर तो नाकारला जातो, आणि त्याला पैसे त्या संस्थेकडूनच मागावे लागतात. म्हणून दर महिन्याचा माल बाहेर काढण्याआधी रुग्ण अशा सेवेखाली आहे का हे त्याच दिवशी पुन्हा तपासावं. मागच्या महिन्यात सेवा नव्हती म्हणून या महिन्यातही नसेल, असं धरू नये.