घाटातला दम इंजिनाचा की गिअरबॉक्सचा?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजपासून मार्केट यार्डातल्या भाडेवाल्यांपर्यंत पिकअपविषयी एक मत ठामपणे ऐकू येते: ऑटोमॅटिक गाडी शहरात फिरवायला बरी, पण माल भरून घाट चढायचा असेल तर तिला दम नसतो, तिथे हाताचा गिअरच पाहिजे. टोयोटाने २०२२ मध्ये भारतात आणलेल्या हायलक्स पिकअपच्या माहितीपत्रकातले आकडे मात्र या मताच्या नेमके उलट आहेत. हाताच्या गिअरची म्हणजे मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, दोन्ही प्रकारांत इंजिन तेच, २.८ लिटरचे डिझेल. दोन्हींत पुढचे गिअर सहाच. कमाल शक्तीही सारखीच, २०४ अश्वशक्ती. पण टॉर्क मॅन्युअल गाडीला ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर. ज्या गाडीला दम कमी असे आपण धरून चालतो, तिलाच कंपनीने टॉर्क जास्त दिला आहे.

शक्ती सारखी आणि टॉर्क वेगळा, हे पहिल्या वाचनात विसंगत वाटते, पण तसे ते नाही. टॉर्क म्हणजे दांड्याला फिरवणारा जोर, आणि शक्ती म्हणजे तो जोर गुणिले फिरण्याचा वेग. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले की किलोवॉट मिळतात. मॅन्युअल हायलक्सचे इंजिन ४२० न्यूटन-मीटर टॉर्क ३४०० फेऱ्यांपर्यंत टिकवते. गुणाकार केला तर जवळजवळ १५० किलोवॉट येतात, म्हणजेच २०४ अश्वशक्ती. ऑटोमॅटिकचे ५०० न्यूटन-मीटर २८०० फेऱ्यांपर्यंतच टिकतात आणि तिथे साधारण १४७ किलोवॉट भरतात. त्यापुढे फेरे वाढतात तसा टॉर्क उतरतो आणि शक्ती त्याच कमाल मर्यादेला टेकते. वरचे टोक एकच आहे. खालच्या फेऱ्यांत मात्र ऑटोमॅटिकच्या इंजिनाला अधिक मोकळीक दिलेली आहे.

आता हे घाटात नेऊन पाहू. आपल्याकडची नेहमीची अडीच लिटरची मालवाहू पिकअप घ्या, जिचे इंजिन पंचाहत्तरच्या आसपास अश्वशक्तीचे आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्कचे असते. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या भरून ती साखरप्याहून आंबा घाट चढते तेव्हा गाडी आणि माल मिळून वजन तीन टन धरू. समजा एका वळणावर चढ आठास एक, म्हणजे आठ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा आहे. गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ३६५० न्यूटन बलाने मागे ओढते. टायरचा विरोध धरून हे बल साधारण ४००० न्यूटन होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने चढायचे तर चाकांवर ३३ किलोवॉट, म्हणजे ४५ अश्वशक्ती लागते. इंजिनाची सगळी शक्ती वापरली आणि त्यातली एक दशांश वाटेत घर्षणात गेली असे मानले, तर ही गाडी त्या चढावर ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही, मग गिअरबॉक्स कोणताही असो. चढावरचा कमाल वेग शक्ती ठरवते. गिअरबॉक्सचे काम त्या शक्तीला चाकापाशी योग्य जोर आणि योग्य वेग या रूपात पोहोचवण्याचे आहे.

खरी परीक्षा असते ती थांबलेली गाडी उचलताना. पुढे एखादा ट्रक वळणावर अडकला, रांग लागली, आणि चालक हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी धरून उभा राहिला, तर काय होते? चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर आणि पहिल्या गिअरचे डिफरन्शियलसह एकूण गुणोत्तर १७ (म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या १७ फेऱ्या) धरले, तर गाडी नुसती जागेवर धरायलाही क्लचमधून सुमारे ७० न्यूटन-मीटर टॉर्क जावा लागतो. इंजिन १२०० फेऱ्यांवर असेल तर आठ-नऊ किलोवॉट उष्णता सतत क्लच प्लेटच्या अस्तरात ओतली जाते, आणि गाडी तसूभरही हललेली नसते. घाटात जो जळका वास येतो तो हाच. शिवाय घसरणाऱ्या क्लचचा एक मूलभूत नियम आहे: तो टॉर्क वाढवू शकत नाही. एका बाजूने जेवढा टॉर्क आत जातो तेवढाच दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. फेऱ्यांतला फरक उष्णता होऊन वाया जातो.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि हे यंत्र मला गिअरबॉक्सच्या सगळ्या भागांत सर्वांत सुंदर वाटते. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये त्याच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. वेगाने फिरणारी वाफेची टर्बाइन आणि सावकाश फिरणारा पंखा यांना जोडण्याचा तो प्रश्न होता. मोटारीत तो मोठ्या प्रमाणावर आला ब्यूकच्या १९४८ च्या डायनाफ्लो गिअरबॉक्समधून.

तेलाने भरलेल्या बंद, वाटोळ्या डब्यात तीन पातेरी चक्रे असतात. पहिले इंजिनाला जोडलेले, ते पंप. समोरचे दुसरे गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर, ते टर्बाइन. या दोघांच्या मध्ये लहानसे तिसरे, ते स्टेटर. पंप फिरला की तेल बाहेरच्या कडेकडे फेकले जाते, फिरत्या झोतासारखे टर्बाइनच्या पात्यांवर आदळते आणि आतल्या बाजूने परत येते. उसाला पाणी पाजताना पाइपची जोरदार धार सपाट फळीवर मारा आणि मग घमेल्याच्या पोटात मारा. घमेल्यातून पाणी वळून आपल्याच अंगावर परत येते आणि घमेले हातातून निसटण्याइतका धक्का बसतो, कारण धार नुसती थांबवली नाही तर उलट फिरवली गेली. टर्बाइनची पाती अशीच वळवलेली असतात. ती तेलाची दिशा उलटवतात आणि म्हणून पंपाने दिला त्याहून जास्त टॉर्क मिळवतात.

पण उलट दिशेने फिरत परतणारे तेल तसेच पंपात शिरले, तर ते पंपालाच अडवेल आणि सगळी कमाई जाईल. तिथे स्टेटर उभा असतो. तो एकाच दिशेला फिरू शकणाऱ्या क्लचवर बसवलेला असल्याने उलट जोर आला की अडून राहतो आणि तेलाला पुन्हा पंपाच्या फिरण्याच्या दिशेने वळवतो. आता हिशेब पाहा: टर्बाइनवरचा टॉर्क म्हणजे पंपाचा टॉर्क अधिक स्टेटरवरचा टॉर्क. स्टेटर गिअरबॉक्सच्या कवचाला टेकलेला, कवच चॅसीला बांधलेले. म्हणजे जादा टॉर्क इंजिनाने नव्हे, गाडीच्या सांगाड्याने दिलेला आहे. यात ऊर्जा फुकट मिळालेली नाही, कारण स्टेटर हलत नाही आणि जे हलत नाही ते बल लावते, पण कार्य करत नाही. गाडी उभी असताना हा टॉर्क साधारणतः दुपटीच्या आसपास वाढतो. टर्बाइन पंपाच्या निम्म्या वेगाने फिरू लागली की समजा तो दीडपट उरतो. दीड गुणिले निम्मा वेग म्हणजे पाऊण शक्ती चाकांकडे जाते आणि उरलेली पाव तेल तापवते. टर्बाइनचा वेग पंपाच्या साधारण पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर पोहोचला की परतणाऱ्या तेलाची दिशा बदलते, ते स्टेटरच्या पात्यांवर मागून आदळते, स्टेटर सुटा फिरू लागतो आणि टॉर्कची वाढ संपते. मग आधुनिक गिअरबॉक्समध्ये लॉक-अप क्लच पंप आणि टर्बाइन यांना थेट बांधून टाकतो आणि घसरण शून्यावर येते.

हायलक्समधल्या त्या ८० न्यूटन-मीटरच्या फरकाकडेही आता वेगळ्या नजरेने पाहता येते. मॅन्युअलमध्ये चालकाने क्लच झटक्याने सोडला तर फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकात, साठलेल्या ऊर्जेमुळे दातांवर आणि दांड्यांवर इंजिनाच्या टॉर्कहूनही मोठा हिसका बसतो. कन्व्हर्टरमध्ये तेल तो हिसका गिळते. म्हणून गिअरबॉक्स किती सोसेल त्या बेताने कंपन्या इंजिनाच्या संगणकातून टॉर्क बांधून देतात. अमेरिकेत २०१८ च्या रॅम पिकअपमध्ये ६.७ लिटरच्या कमिन्स डिझेलला मॅन्युअलबरोबर सुमारे ८९५ न्यूटन-मीटर दिले होते आणि सर्वांत दणकट ऑटोमॅटिकबरोबर सुमारे १२६०. त्या वर्षाच्या मॉडेलनंतर तिथला मॅन्युअल बंदच झाला. आपल्याकडे ‘चिप बसवून टॉर्क वाढवून देतो’ असे सांगणाऱ्यांचे पीक आले आहे. ते नेमकी हीच मर्यादा ओलांडतात, आणि मग क्लच प्लेट वर्षाच्या आत जाते. डिझेलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढते हा दावा तर बंपरच्या लिंबू-मिरचीच्याच पंक्तीत बसवावा. निदान लिंबू-मिरची स्वस्त असते.

तरीही घाटाविषयीचे जुने मत हवेतून आलेले नाही. लॉक-अप नसलेल्या, तीन-चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिक खरोखर सुस्त आणि इंधनखाऊ होत्या. दुसरे कारण आपल्याकडचे आहे. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून भारतात स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ म्हणून एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) पसरली, जिच्यात कन्व्हर्टर नसतोच. गिअरबॉक्स मॅन्युअल, क्लच तोच कोरडा. फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबते. चढावर मागे सरकणे, गिअर बदलताना क्षणभर दम तुटणे हे अनुभव तिचे आहेत, आणि त्यांचे खापर कन्व्हर्टरवर फुटते.

भाड्याच्या पिकअपला मॅन्युअल आजही व्यवहार्य आहे, पण त्याचे कारण वेगळे. गाडी स्वस्त पडते, आणि क्लच प्लेट व प्रेशर प्लेट बदलून देणारा मिस्त्री शिरोली नाक्यापासून गगनबावड्यापर्यंत सापडतो; ऑटोमॅटिकचे तेल जळले किंवा आतला क्लचचा संच गेला तर गाडी दूरवर न्यावी लागते आणि बिलही त्याच मापाने येते. उतारावर तर चालकाची सवयच महत्त्वाची. गगनबावड्याहून भाजीपाला भरून वैभववाडीकडे उतरताना मॅन्युअलचा चालक आपोआप दुसरा गिअर टाकतो आणि इंजिनच गाडीला आवरते. ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या नेहमीच्या जागी, सोडून दिली तर अनेक गाड्या उतारावर वरचा गिअर धरतात, इंजिनाचा विरोध कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लिव्हर हाताने गिअर निवडण्याच्या बाजूला नेऊन खालचा गिअर पकडला, तर लॉक-अप जोडलेला असताना तिचेही इंजिन मॅन्युअलइतकेच धरून ठेवते.