‘लई जायलंय’ म्हणजे नेमकं किती?

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या दवाखान्यात बाळंतिणीच्या उशाशी बसलेली आई नर्सला हाक मारते ती साधारण अशी : “सिस्टर, अंगावरनं लई जायलंय ओ, जरा बघा की.” सिस्टर केरळची असली तर तिचं मराठी कामापुरतं. सरकारी रजिस्टर कन्नडमध्ये, केसपेपर इंग्रजीत आणि डॉक्टर फोनवर. आईचा ‘लई’ एवढा प्रवास करून कागदावर उतरतो तेव्हा त्याचं ‘ब्लीडिंग थोडं जास्त’ झालेलं असतं. किती गेलं, हे मात्र या साखळीत कुणीच सांगितलेलं नसतं.

प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव, ही पुस्तकातली व्याख्या. पण चादरीत, पॅडमध्ये, खाटेखालच्या बादलीत मुरलेले ५०० मिली डोळ्यांनी ओळखायचे कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग बेळगाव जिल्ह्यातच तयार झाला. इथल्या किती जणांना ते माहीत आहे, याची मला शंकाच आहे.

मुळात नर्सनं पाहायचं आणि डॉक्टरनं ठरवायचं, ही वाटणी इंग्रजी अमदानीपासूनची. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ मध्ये उभं राहिलं. रेल्वे होतीच, त्यामुळे आजारी माणसाला मिरजेला न्यायचं ही इकडची जुनी रीत. तिथल्या आणि मुंबई इलाख्यातल्या सिव्हिल हॉस्पिटलांच्या शिस्तीत परिचारिका तयार झाली ती हुकूम नीट पाळणारी म्हणून. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, रजिस्टरांची भाषा बदलली. वाटणी तशीच राहिली.

खेड्यात मात्र ती मुळातच लागू पडत नव्हती. १९४६ च्या भोर समितीच्या आरोग्यविषयक अहवालानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना रुजली आणि उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-सुईण, आली. लोकांच्या तोंडी तीही ‘नर्सबाई’च. रात्री दोन वाजता वाडीवर बाळंतपण अडलं की ठरवायला डॉक्टर नाही, फोन नाही, गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी द्यायचं इंजेक्शन थंड ठेवायला फ्रिजही नाही. अधिकार सगळा वर आणि प्रसंग सगळा हिच्यासमोर.

याच नर्सबाईंना मध्ये ठेवून बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं (जेएनएमसी) अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात एक चाचणी केली. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या १,६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना बाळ जन्मल्यावर लगेच गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. द्यायच्या एएनएमनी. ज्यांना औषध मिळालं नाही त्यांच्यात अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्के होतं, मिळालं त्यांच्यात ६.४ टक्के. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव रोखण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

गोळीचं नाव झालं. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. रक्त कमी गेलं हे सिद्ध करायचं तर आधी ते मोजायला हवं, म्हणून या कामात एक साधी वस्तू तयार झाली. प्लास्टिकची पारदर्शक चादर, कमरेला बांधायला नाड्या, आणि मधोमध खाली लोंबणारी नरसाळ्यासारखी पिशवी, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. बाळ बाहेर आलं आणि गर्भजल वाहून गेलं की ती बाळंतिणीखाली सरकवायची. जाणारं रक्त पिशवीत साठतं, नर्सनं वाकून रेघ वाचायची. दूधवाल्याचं माप म्हणा ना! ती बनवणाऱ्या सात सहकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून तिला ‘ब्रास-व्ही ड्रेप’ म्हणू लागले. नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप यांची तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज पिशवीतल्या आकड्याहून सरासरी ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे अनुभवी नजरसुद्धा रक्त कमीच धरत होती.

हे वाचताना मला माझ्या मामेबहिणीचं बाळंतपण आठवतं. रुग्णालय सीमाभागातलंच, नाव नको. रात्रीच्या सिस्टरनं डॉक्टरांना दोनदा फोन केला. पलीकडून प्रश्न : “नॉर्मल आहे ना?” हिचं उत्तर : “हो सर, म्हणजे थोडं जास्त वाटतंय.” आठला ड्यूटी बदलली. सकाळच्या सिस्टरनं चार्ज घेताना पांघरूण बाजूला केलं, आणि मग धावपळ. रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. बहीण वाचली. रात्रीच्या सिस्टरला पुढे बोलणी बसली, पण ‘वाटतंय’ या शब्दापलीकडे तिच्या हातात होतं काय?

हा संकोच इथलाच नाही. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधली माहिती देण्याची पद्धत २००० नंतर तिकडच्या रुग्णालयांनी उचलली : काय घडतंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. आपल्याकडे पहिल्या तीन गोष्टी नर्स सांगते. चौथी ओठांवर येते आणि ‘सर, जरा बघून जाता का?’ एवढीच उरते.

शस्त्रक्रियेसाठीची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणली. बाळंतपणासाठी तशीच २९ मुद्द्यांची यादी तयार झाली, तिची पहिली परीक्षा २०१० मध्ये कर्नाटकातल्या एका प्रसूती केंद्रात झाली आणि तिथेही बेळगावचं जेएनएमसी होतं. एका बाळंतपणात २९ पैकी सरासरी १० गोष्टी होत होत्या, यादीनंतर २५ होऊ लागल्या. त्या काही जगावेगळ्या नव्हत्या : हात धुणं, बीपी पाहणं, बाळ आईच्या अंगाशी ठेवणं. भल्याभल्यांना वाटलं, झालं काम. पुढे उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांमध्ये दीड लाखावर बाळंतपणांत तीच यादी, वर प्रशिक्षकही देऊन, तपासली. कामाची रीत सुधारली. आई-बाळांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, आणि प्रशिक्षकांच्या फेऱ्या विरळ झाल्या तशी सुधारलेली रीतही काहीशी ढिली पडली. २०१७ मध्ये हा निकाल आला. खूण करायचा कागद आणि कृती करायची मुभा यांत अंतर असतं, ते यादीनं भरून निघालं नाही.

ते अंतर ज्या चाचणीनं कमी केलं तिचा निकाल २०२३ मध्ये आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया इथली ८० रुग्णालयं. हत्यार काय, तर रेघांची पिशवी, त्याच जातकुळीतली. पण या वेळी रेघेला हुकूम जोडलेला होता : पाचशेची रेघ गाठली की डॉक्टरची वाट न पाहता नर्सनं किंवा सुईणीनं पोट चोळणं, औषधं, सलाईन सगळं एकदम सुरू करायचं आणि मदतीला हाक मारायची. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच अतिरक्तस्राव वेळेत लक्षात येत होते, इथे ९३ टक्के आले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यानं मृत्यू, यांचं मिळून प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर उतरलं.

चंदगडची पेशंट, कन्नड रजिस्टर, मल्याळी सिस्टर, हुबळीकडचे डॉक्टर. बेळगावच्या एखाद्या लेबर रूममध्ये ही माणसं एका खाटेभोवती उभी असतात तेव्हा पेशंटसाठी ‘अक्का’ हा एक शब्द सगळ्यांना चालतो. दुसरा चालतो तो रेघेवरचा, आणि तो सगळेच इंग्रजीत म्हणतात : फाइव्ह हंड्रेड.