झटका गेला कुठे?

गणपतीच्या आधीचा रविवार. जांबोटीला चहा पीत बसलो होतो. चोर्ल्याकडे, म्हणजे गोव्याकडे, पुण्या-मुंबईच्या नंबरच्या तीन स्पोर्ट्स कार गेल्या. बसक्या, रुंद, आणि स्पीडब्रेकर आला की तिरक्या होऊन एकेक चाक जपत पलीकडे जाणाऱ्या. भाच्याचं लक्ष मात्र फोनमध्ये.

"काय बघूलास रे?"

"मामा, हे बघा की. हा म्हणतोय, ऑटोमॅटिक गाडी ट्रॅकवर काय कामाची नाही. ही डबी लावायची, गिअरबॉक्स रेसचा होतोय."

काड्यापेटीएवढी काळी डबी आणि खाली ठळक अक्षरांत: 'झटका शून्य, पिकअप दुप्पट'. पिकअपचं सोडा, पण 'झटका शून्य' वाचून मला राहवेना. बेळगावच्या उद्यमबाग उद्योग वसाहतीत बावीस वर्षं मी हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सरकत्या दांड्या, तपासले आहेत. त्या कामाने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. झटका शून्य होत नसतो, तो दुसरीकडे जातो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' म्हटलं की बऱ्याच जणांना गिअर बदलताना मान पुढे डोलावणारी छोटी गाडी आठवते. ती एएमटी. २०१४ मध्ये सेलेरिओसोबत ती आपल्या रस्त्यांवर आली. तिच्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर ढकलायला यंत्राचा हात. दोन क्लचवाला डीसीटी वेगळा, पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी आणखी वेगळा. मी बोलतोय तो जुना, खानदानी प्रकार, टॉर्क कन्व्हर्टरवाला. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रामॅटिक' या नावाने मोठ्या प्रमाणावर बनवलेला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यात इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेलाची जोडणी होती. टॉर्क वाढवून देणारा कन्व्हर्टर नंतर आला. हा प्रकार सुस्त, म्हाताऱ्यांसाठी, असं बरीच वर्षं मानलं जाई. पण २०१७ मध्ये बीएमडब्ल्यूने एम५ मधला दोन क्लचचा गिअरबॉक्स काढून कन्व्हर्टरवाला आठ गिअरचा बसवला, आणि गाडी मागच्यापेक्षा हळू झाली नाही. तेव्हा सुस्तीचं कारण कन्व्हर्टरमध्ये नव्हतंच म्हणायचं.

या गिअरबॉक्समध्ये गिअर एकमेकांवर ढकलले जात नाहीत. दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. मध्ये सूर्य, भोवती फिरणारे ग्रह, बाहेर कडं. यातलं एक धरून ठेवलं, दुसऱ्याला इंजिन जोडलं, की तिसरा वेगळ्या वेगाने फिरतो. कोणाला धरायचं आणि कोणाला जोडायचं हे ठरवतात तेलात बुडालेले क्लच आणि ब्रेक. झेडएफ कंपनीचा ८एचपी नावाचा गिअरबॉक्स २००९ पासून चालू आहे. त्यात असे ग्रहांचे चार संच आहेत आणि धरायला-सोडायला फक्त पाच क्लच-ब्रेक. कोणत्याही गिअरमध्ये तीन बंद, दोन उघडे. पुढच्या गिअरमध्ये जाताना एक सुटतो, एक धरतो, बाकीचे जागच्या जागी. माझा जीव अडकलाय तो या एका सुटण्या-धरण्यात, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

गावाकडे स्लॅब भरताना तुम्ही रांगेत उभे राहिला असाल. काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं. खालच्याने आधी सोडलं आणि वरच्याने उशिरा धरलं तर घमेलं पायावर. दोघांनीही घट्ट धरून ठेवलं तर ओढाओढ, दोघेही हेलपाटतात. क्लचचंही हेच. जुना आधी सुटला तर इंजिन मोकळं होऊन त्याच्या फेऱ्या एकदम वर उसळतात. दोघे एकदम आवळले तर गाडीला आतून ब्रेक लागल्यासारखं होतं. मधली खिडकी सेकंदाच्या काही शतांश भागांची. त्यातही नव्या क्लचच्या चकत्यांमध्ये थोडी फट असते. पकड येण्याआधी क्लचच्या पिस्टनमागे तेल भरून ती मिटवावी लागते. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर म्हणूनच आधी एक छोटा जोरदार दाब देतो आणि चकत्या एकमेकांना नुसत्या टेकवतो. झिजेप्रमाणे ही फट बदलते, म्हणून तो दर वेळी पाहून शिकत राहतो.

घमेलं हातात आलं, पण काम अर्धंच झालं. इंजिन अजून जुन्याच वेगाने फिरतंय. आता गणित करू. बेरीज-गुणाकारच आहे, पण ज्यांना नको त्यांनी चहापर्यंत उडी मारावी.

८एचपीच्या एका आवृत्तीत दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर ३.१४, तिसऱ्याचं २.११. बदलाच्या क्षणी गाडीचा वेग तोच राहतो, म्हणून मिनिटाला ६५०० फेऱ्यांवरचं इंजिन साधारण ४३५० वर आलं पाहिजे. म्हणजे २१५० फेऱ्यांची घसरण, सेकंदाला २२५ रेडियन. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर धरू, आणि क्रँक, कन्व्हर्टर वगैरे फिरणाऱ्या वजनाचं जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरकी बदलायला होणारा विरोध, ०.२५. खरा गिअरबॉक्स याहून गुंतागुंतीचा असतो, पण अंदाजाला हे पुरेल.

बदल आरामात, अर्ध्या सेकंदात केला तर क्लचला इंजिनाचे ४०० पेलायचेच आहेत, वर इंजिनाला आवरायला ०.२५ गुणिले २२५ भागिले ०.५, म्हणजे ११२ जास्त. एकूण ५१२. एवढ्या जोराने आवळलेल्या चकत्या तो अर्धा सेकंद एकमेकांवर घासतात. घसरण २२५ वरून शून्यावर येते, म्हणून सरासरी निम्मी घ्यायची. उष्णता निघते २९ किलोज्यूल.

तोच बदल ०.२ सेकंदात केला तर आवरायला २८१ लागतात, एकूण ६८१. जोर वाढला, पण घासण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला, म्हणून उष्णता फक्त १५ किलोज्यूल. त्या ०.२ सेकंदापुरती ठिणगी उशिरा टाकून इंजिनाचा टॉर्क १५० पर्यंत उतरवला, तर दहालाही पोचत नाही.

आता चहा. २९ किलोज्यूल म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ९४ वर नेण्याएवढी उष्णता. एका गिअरला एक कटिंग. वेगवान बदलात तेच पाणी साठीच्या आसपास थांबतं, आणि टॉर्क उतरवला तर पन्नाशीही गाठत नाही.

आपली समजूत नेमकी उलटी असते. मऊ, न जाणवणारा बदल म्हणजे गिअरबॉक्स सुखात, आणि पाठीला धक्का बसला म्हणजे आत काहीतरी तुटतंय. खरं तर त्या धक्क्यात इंजिनाची जादाची फिरकी चाकांपर्यंत पोचून गाडीला पुढे ढकलते. मऊ बदलात चकत्या जास्त वेळ घासत राहतात आणि उष्णता साचते. झटका गेला कुठे, तर चकत्यांच्या कागदासारख्या अस्तरात आणि तिथून तेलात. खानापूरला जाऊन येताना हे परवडतं, कारण तिथे कोणी ६५०० फेऱ्यांवर गिअर बदलत नाही. ट्रॅकवर दर काही सेकंदांनी असा बदल होतो.

मग कंपनीवाले मऊ का ठेवतात? मागच्या सीटवर आजी बसलेली असते म्हणून.

हा वेळ आणि दाब पूर्वी ठरवायचा तो कॉम्प्युटर नव्हे, तर तेलच. पास्कलचा नियम शाळेत झालेला आहे. पंधरा बारचा दाब शंभर चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर आला की दीड टनाच्या वजनाएवढा जोर मिळतो. वाटेत स्पूल, स्प्रिंग आणि बारीक भोकं. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा एक दाब स्पूलच्या एका टोकाला, पायाच्या जोराबरोबर वाढणारा दुसऱ्या टोकाला. जो जिंकेल त्याच्या बाजूला स्पूल सरकणार आणि गिअर पडणार. विजेच्या एका तारेशिवाय चालणारा हिशोबनीस! अशा गिअरबॉक्सला ट्रॅकसाठी तयार करताना कारागीर स्प्रिंग बदलत आणि पत्र्यातलं भोक मोठं करत. १.५ मिलिमीटरचं भोक १.७५ केलं की क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, तेल तेवढं जास्त जातं, क्लच लवकर भरतो. पाव मिलिमीटरात गाडीचा स्वभाव बदलतो. उद्यमबागेतल्या कुठल्याही फिटरला हे सांगा, तो मान डोलावेल. स्पूल आणि बोअरमधली फट काही मायक्रॉनची असते, त्यात कचऱ्याचा एक कण अडकला की अख्खी हायड्रॉलिक प्रेस रुसते. आज तोच स्पूल सोलेनॉइड, म्हणजे विजेचं चुंबक, हलवतं आणि भोकाऐवजी आकड्यांचा तक्ता बदलतात. तेल तेच काम करतंय.

पण नुसता वेग वाढवून ट्रॅक जिंकता येत नाही. मूळ अडचण अशी, की गिअरबॉक्सला फक्त पाय कळतो, वळण कळत नाही. साध्या तक्त्यात दोनच गोष्टी पाहिल्या जातात, पेडल किती दाबलंय आणि गाडी किती वेगात आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सुमारे एक किलोमीटरचा लांब सरळ भाग आहे, त्याच्या शेवटी चौथं वळण. तिथे ड्रायव्हर पेडल सोडून ब्रेकवर उभा राहतो. गिअरबॉक्सला वाटतं, साहेब दमले, आता आरामात जाऊया, आणि तो वरचा गिअर टाकायला बघतो. वळणातून बाहेर पडताना साहेब पेडल दाबतात, तेव्हा हा दचकून दोन गिअर खाली उतरतो. आणि हे सगळं गाडी अजून तिरकी असताना. टायरची पकड ठरावीक असते, तिचा बराच भाग वळण्यात खर्च झालेला असतो. उरलेल्यावर अचानक टॉर्कचा धक्का आला की मागची चाकं सुटतात. त्याच ट्रॅकवरचं दहा-अकरा क्रमांकाचं लांबलचक उजवं वळण घ्या. तिथे मध्येच गिअर बदलला, वर किंवा खाली, तर गाडी डोलते. वर कौतुक केलेला ०.२ सेकंदांचा धक्का इथे शत्रू होतो.

म्हणून ट्रॅकसाठीच्या तक्त्यात खरा बदल वेगळाच असतो. ब्रेकचा दाब वाढला की वरचा गिअर टाकायचा नाही, उलट एकेक उतरत यायचं. गाडी बाजूला किती जोराने ओढली जातेय हे सेन्सर सांगतो. ती ओढ आहे तोवर आहे तो गिअर धरून ठेवायचा. 'मॅन्युअल' मोडमध्येही बऱ्याच गाड्या फेऱ्यांची मर्यादा आली की स्वतःहून गिअर बदलतात, ती मुभा काढून घ्यायची. आणि खाली उतरताना इंजिनाच्या फेऱ्या आधीच वाढवून ठेवायच्या. तसं केलं नाही तर इंजिनाला वर खेचायचं काम मागच्या चाकांवर पडतं, आणि ब्रेक लागलेला असताना ती चाकं आधीच हलकी झालेली असतात. खाली उतरताना ऐकू येणारा 'भर्र' आवाज बराचसा याचा असतो. थोडा शौकाचाही असतो, नाही म्हणत नाही.

बऱ्याच गाड्यांत यातलं पुष्कळसं कंपनीने 'स्पोर्ट' किंवा 'ट्रॅक' बटणामागे आधीच ठेवलेलं असतं. बाहेरचा ट्यूनर त्यात दाब वाढवतो, टॉर्कच्या मर्यादा उचलतो, कन्व्हर्टरचा लॉक, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, लवकर लावतो. हा लॉक महत्त्वाचा, कारण उघड्या कन्व्हर्टरमध्ये तेलच तेलाला घुसळत असतं आणि त्याची सगळी उष्णता त्या तेलालाच पचवायची असते. त्यामुळे जाणता माणूस आकड्यांना हात लावण्याआधी तेलाचा कूलर मोठा करतो. दाब वाढवण्यालाही अंत आहे. पंप, सील, क्लचचे ड्रम एका हिशोबाने बनलेले असतात.

आणि ती काळी डबी? ती गिअरबॉक्सला शिवतही नाही. पेडलच्या वायरमध्ये बसते आणि सिग्नल फुगवते. पाय तीस टक्के दाबला तर पुढे पन्नास सांगते. गिअरबॉक्स बिचारा पायावर विश्वास ठेवणारा, तो गिअर जास्त वेळ धरतो आणि मालकाला वाटतं जोर वाढला. तोच पाय जरा जास्त दाबला असता तरी हेच झालं असतं. नवी गाडी शोरूममधून काढताना चाकाखाली लिंबू चिरडणाऱ्यांना आपण हसतो. लिंबाला निदान युएसबी केबल लागत नाही, आणि त्याची किंमत हजारांत नसते.

भाच्याला हे सगळं जांबोटीपासून बेळगावात शिरेपर्यंत ऐकवलं. गणिताच्या वेळी तो बाहेर बघत होता.

पुढच्या आठवड्यात बिसलेरीच्या बाटलीत थोडं तेल घेऊन घरी आला. त्याच्या मित्राने जुनी ऑटोमॅटिक सेडान दिवसभर ट्रॅकवर पळवून आणली होती, तिच्या गिअरबॉक्सचं. नवं असताना लाल असणारं तेल काळपट तपकिरी झालं होतं. झाकण काढलं तर करपलेल्या कागदाचा वास.

"कुठल्या मोडमध्ये चालवली रे त्याने?"

"कम्फर्ट. गिअरबॉक्सला त्रास नको म्हणून."